लोखंड नको

“नडगी दाबा, मॅडम.”

हे आमच्या दुकानातले काका इंग्रजीत म्हणत, आणि दुकानात पहिल्यांदा आलेल्या प्रत्येकाला म्हणत. घोड्यासाठी लगाम घ्यायला आलेली बाई आधी गोंधळून इकडेतिकडे बघे. मग वाकून, जीन्सवरूनच, स्वतःच्या नडगीवर अंगठा टेकवी.

“आणखी जोरात.”

ती जोर लावी आणि “आऊच” म्हणे. मग ते समाधानाने मान हलवत. “इथे हाडावर मांस नाही. घोड्याच्या जबड्यात पुढचे दात संपल्यावर एक मोकळी जागा असते, तिथेही नाही. आपण लोखंड ठेवतो ते नेमकं तिथे. आता सांगा, काय हवंय?”

बुधवारी सकाळी तुम्ही आमच्या दुकानात शिरला असता, तर दोन-तीन प्रौढ माणसं बगळ्यासारखी एका पायावर उभी असलेली तुम्हाला दिसली असती. मला सवय झाली होती. नवीन गिऱ्हाइकं मात्र दारातूनच परत जावं का, असा विचार करत.

दुकान वॉटफर्डच्या बाहेर, शेतांना लागून. खोगिरं, बूट, घोड्याचा खुराक, ब्रश, सगळं मिळे. एका कोपऱ्यात वेस्टर्न रायडिंगचं सामान होतं. काऊबॉय जसे एका हातात सैल लगाम धरून घोडा चालवतात, तशी स्वारी करणारे इंग्लंडमध्ये थोडेच. पण जे आहेत ते वेडे आहेत, आणि लांबून येतात. मी तिथे नोकरीला लागले तेव्हा घोडा म्हणजे सांगलीच्या स्टँडवर टांग्याला जुंपलेला पाहिलेला, तेवढाच. नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आले आणि घराजवळ नोकरी मिळाली म्हणून धरली.

दुसऱ्याच आठवड्यात ते आले. टाय लावलेला, हातात जुनी चामडी पेटी. माझ्या छातीवरचं नाव त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, “कुठल्या तुम्ही, बाई?”

मराठीत! माझ्या हातातला रिकिबींचा खोका खाली पडला. इंग्लंडच्या एका खेडवळ रस्त्यावर, घोड्यांच्या दुकानात, एक गोरटेले म्हातारे गृहस्थ माझ्याशी अस्सल मुंबईचं मराठी बोलत होते.

ते मुंबईच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. वडील जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. स्वतः विशीत इंग्लंडला आले आणि वॉल्सॉलच्या कारखान्यात घोड्याच्या तोंडात घालायचं लोखंड घडवायला लागले. चाळीस वर्षं तेच केलं. निवृत्त झाल्यावर बायकोच्या आग्रहाने एजवेअरला, तिच्या बहिणीजवळ राहायला आले. मग बहीणही गेली आणि बायकोही. मूलबाळ नव्हतं. बुधवारी दिवसभर आणि शुक्रवारी दुपारपर्यंत आमच्या दुकानात गिऱ्हाइकांना बिट निवडून देत.

“बिट हा इंग्रजी शब्द झाला,” त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. “आपला शब्द कडियाळं. माझा बाप कडियाळंच म्हणायचा.”

मी त्यांना काका म्हणू लागले. ते मला शेवटपर्यंत ‘बाई’च म्हणाले. दुकानात गर्दी नसली की आम्ही मराठीत बोलत असू. खरं तर तेच बोलत. आठवडाभर साठवलेलं बोलणं असे ते. “बायको गेल्यावर माझी भाषा बेकार झाली,” ते म्हणत. “सकाळी दाढी करताना आरशाशी बोलतो. उत्तर देत नाही, पण मध्ये तोंडही घालत नाही. त्या मानाने तुमच्या काकू फार बोलायच्या.” आणि मग खिडकीबाहेर बघत बसत.

त्यांनी मला काम शिकवलं. भिंतीवर शंभरेक बिटं टांगलेली होती. मला सगळी सारखीच दिसत. ते एकेक काढून माझ्या तळहातावर ठेवत. ही दांडी मध्ये सांधलेली, ही अखंड. ही जाड, ही बारीक. बारीक जास्त कापते. हिच्या मधोमध कमान आहे, ती जिभेला जागा देते. पण टाळू खाली असेल तर हीच कमान टाळूला टोचते. आणि वेस्टर्न बिटाला बाजूने खाली उतरणाऱ्या लांब दांड्या असतात, त्यांची ताकद लक्षात ठेवायची. “ही तरफ आहे, बाई. तुम्ही हातात कुजबुजलात तरी त्याच्या तोंडात ओरडणं पोचतं.”

घोडा ट्रेलरमधून दुकानामागच्या अंगणात आणला की ते आधी गरम पाण्याने हात धूत. मग घोड्याच्या मानेशी उभे राहून काहीतरी बोलत. ओठाच्या कोपऱ्यातून बोट आत घालताना डोळे मिटून घेत. जीभ किती जाड, टाळू किती खोल, जबड्याची कड बोथट की धारदार, सगळं त्या एका बोटाला कळे. घोडा कंटाळला की ‘बस, बस, पुरे’ म्हणत बोट काढून घेत. थंडीत बिट आधी स्वतःच्या काखेत धरून गरम करत. कोट घातलेला, टाय लावलेला माणूस काखेत लोखंड धरून गंभीरपणे उभा आहे, हे दृश्य तुम्ही पाहायला हवं होतं.

एकदा एक धिप्पाड माणूस आला. त्याला सगळ्यात कडक बिट हवं होतं, कारण त्याचा घोडा थांबत नसे.

“तो कशापासून पळतो?” काकांनी विचारलं.

“म्हणजे?”

“तो तोंडापासून पळतोय, सर. तोंड जास्त दुखलं तर जास्त पळेल.” त्यांनी मला त्याला काही विकू दिलं नाही. मालक वैतागला. पण पुढच्या महिन्यात तोच माणूस साधं, जाड दांडीचं बिट घेऊन गेला आणि नाताळला केक पाठवला.

मी एकदा विचारलं, “काका, सगळ्यात बरोबर बिट कुठलं?”

त्यांनी हातातलं परत खिळ्याला टांगलं. “बरोबर कुठलंच नाही. त्यातल्या त्यात कमी चुकीचं शोधायचं.” थोड्या वेळाने म्हणाले, “चाळीस वर्षं ही घडवली, बाई. कुठल्या कुठल्या तोंडांत गेली असतील. आता ती दुखू नयेत म्हणून हिंडतो.” हे त्यांनी हसत सांगितलं. मीही हसले. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं.

शनिवारी ते नसत. शुक्रवारी दुपारी पेटी आवरत आणि शनिवारचा सूर्य मावळेपर्यंत फोनसुद्धा उचलत नसत. शनिवार आमचा सगळ्यात गर्दीचा दिवस. मालकाने फार विनवण्या केल्या, पण व्यर्थ. “आमच्यात शनिवारी जनावरालाही सुट्टी असते,” ते म्हणत. “तुम्हीही घ्या.”

मग रिया आली.

रिया वॉटफर्डमध्येच जन्मलेली आणि वाढलेली. आईवडील पुण्याचे. ती केंब्रिजला एका लॅबमध्ये काम करायची, शुक्रवार सकाळपासून रविवारपर्यंत घोडीसाठी इकडे यायची. पंचविशीची, सडपातळ, सतत घाईत. घोडीचं नाव जूनो.

“जुनी?” काका म्हणाले.

“जूनो, काका. ती जुनी नाही, सात वर्षांचा आहे.”

“सात वर्षांची.”

“सॉरी, सात वर्षांची. माझा मराठी खूप बॅड आहे.”

“माझं मराठी.”

“माझं मराठी खूप बॅड आहे.”

“आता चांगलं झालं,” काका म्हणाले. इतके खूश झालेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. इंग्लंडात जन्मलेली पोर आपल्याशी मराठी बोलतेय, घोडा पाळतेय! त्या दिवसापासून ते तिच्याशी इंग्रजी बोलेनासे झाले. ती धडपडत उत्तरं देई, चुकली की ते सुधारत, ती हसे. घोडीला ते जुनीच म्हणत.

जुनी मान झटकायची. लगाम जरा ताणला की डोकं वर फेकायची, कधी पुढचे पाय उचलायची. रियाने पाच-सहा बिटं बदलून पाहिली होती. तिला स्पर्धेत उतरायचं होतं आणि तिथला नियम असा, की या वयाच्या घोड्याला लांब दांड्यांचं बिट घालून एका हाताने चालवायचं. नुसत्या नाकावरच्या दोरीवर चालणार नाही.

एका बुधवारी ती सुट्टी काढून जुनीला घेऊन आली. काका तासभर अंगणात होते. मी गल्ल्यावर होते. खिडकीतून ते तोंडात बोट घालून डोळे मिटून उभे दिसले. नेहमीपेक्षा बराच वेळ. मग ते रियाशी बोलले, हातवारे करून, आणि ती मान हलवत राहिली. ती गेल्यावर ते आत आले, हात धुतले.

“काय झालं?” मी विचारलं.

“सांगितलंय तिला सगळं.” एवढ्यात गिऱ्हाईक आलं. नंतर चहा पिताना म्हणाले, “एक तासभर मराठी बोललो, बाई. घसा बसला.” मी पुढे विचारलं नाही.

पुढच्याच्या पुढच्या शनिवारी रिया धावत आली. दुसऱ्या दिवशी केंब्रिजजवळ तिची स्पर्धा होती.

“मावशी, काकांनी चेक केलं. हा बिट नको म्हणाले. मला दुसरा पाहिजे.”

“दुसरं कुठलं, ते सांगितलं?”

“नाही. म्हणजे, आय डोन्ट नो. ते खूप काय काय बोलले.”

मी काकांना फोन लावला. लागणार नाही हे माहीत होतं, तरी दोनदा लावला. रांगेत सहा माणसं होती. मला वाटलं, पाच वर्षं मी या माणसाच्या हाताखाली शिकलेय. जुनीची जीभ जाड आहे हे मला माहीत होतं. म्हणून मी जाड, गुळगुळीत दांडीचं, कमी उंचीच्या कमानीचं, बाजूच्या दांड्या त्यातल्या त्यात आखूड असलेलं बिट निवडलं. भिंतीवरच्या सगळ्यांत तेच सौम्य होतं. रियाला मी नडगीसुद्धा दाबायला लावली. ती हसत हसत गेली आणि मी मनातल्या मनात ठरवलं, की बुधवारी काकांना सांगायचं, बघा, तुमच्याशिवाय जमलं.

रविवारी स्पर्धेआधी, सरावाच्या रिंगणात, जुनी मागच्या दोन पायांवर सरळ उभी राहिली आणि मागे कोसळली. रियाच्या कमरेचं हाड मोडलं. घोडीला उठता आलं नाही. जनावरांच्या डॉक्टरने तिला तिथेच, पडद्याआड, कायमचं झोपवणारं इंजेक्शन दिलं.

मला सोमवारी कळलं. मंगळवारी मी केंब्रिजला हॉस्पिटलमध्ये गेले. रिया छताकडे बघत पडली होती. आई बाजूला बसली होती, ती मला पाहून उठून बाहेर गेली.

“मावशी, एक विचारू?” रिया म्हणाली. “लोखंड म्हणजे काय?”

मी म्हटलं, “आयर्न.”

तिने डोळे मिटले. “एनी आयर्न?”

“हो.”

“काका म्हणाले होते, ‘लोखंड नको, लोखंड घालू नकोस.’ चार-पाच वेळा. मला वाटलं लोखंड एक टाइपचा बिट आहे. जो तेव्हा तिच्या तोंडात होता, तो.” मग ती इंग्रजीत बोलू लागली. काका खूप भरभर बोलत होते. जबडा, हिरडी, टोक असे शब्द होते. निम्मे तिला कळत नव्हते. पण ते इतके खूश होते, की ‘मला समजलं नाही’ असं म्हणायची तिला लाज वाटली. म्हणून ती हो हो म्हणत राहिली.

बुधवारी काका नेहमीसारखे आले. पेटी ठेवली, कोट काढला. मी त्यांना मागच्या खोलीत बसवून सांगितलं. ते ऐकत राहिले.

“कोणतं दिलंत?”

मी तसलंच दुसरं आणून दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट केलं. “चांगलं निवडलंत,” ते म्हणाले. “निरोगी तोंडाला हे चाललं असतं.” मग त्यांनी सांगितलं, की जुनीच्या जबड्याच्या कडेवर, हिरडीखाली, हाडाला काट्यासारखं टोक आलं होतं. त्यावर काहीही टेकलं तरी सुई घुसल्यासारखं झालं असतं. एक्सरे काढ, तोवर तोंडात काही घालू नकोस, असं त्यांनी तिला बजावलं होतं.

“मग तिने का घातलं? तिला समजलं नव्हतं?”

मला खोटं बोलता आलं असतं. पोरींना स्पर्धेची घाई असते, असं म्हणता आलं असतं. ते मी का म्हटलं नाही, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. कदाचित सगळा दोष माझ्या एकटीवर नको होता मला. मी त्यांना ‘लोखंडा’चं सांगितलं.

त्यांनी हातातलं बिट टेबलावर ठेवलं. बाहेर कुणीतरी बेल वाजवत होतं. मग ते इंग्रजीत म्हणाले, “आयर्न. आय शुड हॅव सेड आयर्न.” आणि थोड्या वेळाने, अगदी सभ्यपणे, “थँक यू फॉर टेलिंग मी.”

त्यानंतर ते माझ्याशी मराठी बोलले नाहीत.

मी मराठीत विचारायची, ते इंग्रजीत उत्तर द्यायचे. चहा घेणार का काका? येस प्लीज. थंडी फार आहे आज. इट इज, रादर. रागाने नव्हे, राग असता तर मी समजून घेतलं असतं. सुरी हातातून निसटून कुणाला लागली, की माणूस ती कपाटात ठेवून देतो, तसं काहीसं. रियाला भेटायला आम्ही दोघं एकदा गेलो. ती काठी घेऊन चालायला शिकत होती. “काका, चूक माझा आहे,” ती रडत म्हणाली. त्यांनी तिला सुधारलं नाही. “नो, नो,” एवढंच म्हणत तिचा हात थोपटत राहिले. तिने पुन्हा घोडा घेतला नाही. नंतर ती नोकरी बदलून दूर गेली.

दुकानात ते आणखी चार महिने आले. बोट तोंडात घालत, डोळे मिटत, आणि मग म्हणत, “नथिंग, मॅडम. तोंडात काही घालू नका.” प्रत्येकाला तेच. घोड्याच्या तोंडात काही दोष नसला तरी तेच. लोक चिडत, हसत, मग येईनासे झाले. मालकाने एके दिवशी त्यांना आत बोलावून घेतलं. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि मला शुभेच्छा दिल्या.

मी दोनदा एजवेअरला त्यांच्या घरी गेले. त्यांनी इंग्रजी पद्धतीने चहा दिला, हवेवर बोलले, दारापर्यंत सोडायला आले. तिसऱ्यांदा जायचं मी टाळलं.

पुढल्या हिवाळ्यात हॉस्पिटलमधून दुकानात फोन आला. त्यांना पक्षाघात झाला होता. त्यांच्या डायरीत नातेवाइकाच्या जागी दुकानाचा नंबर आणि माझं नाव होतं. “ते सारखे बोलतायत,” नर्स म्हणाली, “पण कुठल्या भाषेत, आम्हाला कळत नाही.”

इंग्रजी पूर्ण गेलं होतं. मराठी तेवढं राहिलं होतं, तेही फाटलेलं. उजवी बाजू लुळी. मला पाहताच ते म्हणाले, “बाई.” वर्षभराने. “बाई, यांना सांगा.”

“काय सांगू, काका?”

“यांना... ते... ते सांगा.”

मी वाट पाहिली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. नावं सापडत नव्हती. कुठल्याही वस्तूचं नाव त्यांना सापडत नव्हतं. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

मी एका कागदावर इंग्रजी अक्षरांत मोठ्याने वाचता येतील असे शब्द लिहिले आणि पुढे अर्थ. पाणी. दुखतंय. थंडी. भूक. तो पलंगाच्या वर चिकटवला. तिथे ग्रेस नावाची घानाची एक नर्स होती. ती त्यांच्यावर वाकून विचारी, “दूक-ताय? दूक-ताय, डिअर?” आणि ते तिच्याकडे बघत राहत. कामाच्या दिवशी मला एकदाच, संध्याकाळी जाता येई. अकराव्या दिवशी मी गेले तेव्हा पलंगावर दुसराच कुणी होता.

ग्रेस मला शोधत आली. पहाटे शांतपणे गेले म्हणाली. त्यांच्या धर्माची माणसं येऊन घेऊनही गेली होती. भिंतीवर माझा कागद तसाच होता. तो काढायला मी हात वर केला, तर खाली पेन्सिलने एक शब्द वाढवलेला दिसला. बी, यू, एस. पुढे अर्थाच्या जागी बसचं छोटंसं चित्र.

“तो मी लिहिला,” ग्रेस म्हणाली. “तुमच्या भाषेतही तोच शब्द आहे ना? शेवटचे दोन दिवस ते सारखी बसच मागत होते. बस, बस, बस. मी त्यांचा हात धरून सांगत होते, येतेय हं डिअर, बस येतेय.”

मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

“हो,” मी म्हटलं, “तोच शब्द आहे.”